‘रडले’ असं लिहायचं नाही

आमची सिस्टर लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या पलंगावर झोपायची.

असं एकदम लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात भलतंच येईल, म्हणून आधी नीट सांगते. ती सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. अर्धी नोकरी सातपुड्यात वर गेली, अर्धी खाली नंदुरबारला. रिटायर झाल्यावर माणसं तीर्थाला जातात, घर बांधतात, सुनेशी भांडतात. हिला यातलं एकही जमण्यासारखं नव्हतं. तिने आम्हा नऊ बायांना गोळा केलं आणि आपल्याच दोन खोल्यांत शिकवलं. मग लकवा मारलेली, मांडीचं हाड मोडलेली, नाहीतर नुसतीच म्हातारी होऊन घरी पडून असलेली माणसं, त्यांचं करायला आम्हाला घरोघर पाठवायला लागली. तिचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर फोन करून विचारेल, आक्का, तुला कोणी परवानगी दिली होती. मला सगळे आक्काच म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे काही लिहिणं, ते तिच्याच वहीत शिकले.

तर पलंग. नवीन घरचा निरोप आला की बाईला पाठवायच्या आधी सिस्टर स्वतः जायची. चहा नको, सरबत नको. पेशंटला जरा खुर्चीत बसवा म्हणायची, चपला काढायची आणि सरळ त्याच्या पलंगावर आडवी. हात पोटावर, डोळे उघडे, मनगटावरच्या घड्याळात पाव तास. घरची माणसं भोवती उभी. एका घरी तर पेशंटच्या भावानेच मला हळूच विचारलं, “यांनाच बरं नाही का?”

पाव तासाने उठायची आणि सांगायला लागायची. पंख्याचं पातं थेट डोळ्यात फिरतं, चक्कर येते, पलंग सरकवा. फोडणीचा ठसका इथवर येतो, मधलं दार लावत जा. दारातून आलेल्या माणसाचे आधी पाय दिसतात, तोंड दिसत नाही, तेव्हा पलंगाचं तोंड फिरवा, कोण आलं ते त्यांना कळू द्या. प्रकाशा गावाकडच्या एका घरी पलंगाच्या समोरच्या भिंतीवर घरातल्या गेलेल्या माणसांचे हार घातलेले फोटो होते, चांगले सहा-सात. सिस्टर आडवी पडून ते बघत राहिली आणि मग आपल्या अहिराणीत म्हणाली, “या बाईने रोज सकाळी उठून काय दखानं, आपला नंबर कितवा शे ते?” ती म्हातारी खुर्चीत बसून हसायला लागली, आणि तिच्या सुनेने मला नंतर सांगितलं की सासूबाई चार महिन्यांनी हसल्या.

उचलायचं कसं हे ती स्वतःच्या अंगावर शिकवायची. ती अंगाने भरदार, आम्ही बऱ्याचशा वाळलेल्या काड्या. ती खाली चादरीवर अंग सोडून पडायची, अगदी मेल्यासारखी, आणि दोघींनी तिला पलंगावर घ्यायचं. ओढलं की ओरडा. “कातडी ओढू नको, माणूस उचल.” मला उचललंत तर गावातलं कुठलंही माणूस उचलता येईल, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

भरवायचं शिकवताना आम्हाला एकमेकींना भरवायला लावायची. एकीने आडवं पडायचं, दुसरीने डाळभात चमच्याने द्यायचा. आमच्यात धडगावकडची सुनिता होती, पावरा आदिवासी, हसरी पोरगी. ती पडून खाताना हसली आणि तिला असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. सिस्टरने तिला उठवून पाठीवर थापटलं, पाणी पाजलं, आणि शांतपणे म्हणाली, “आता उशी किती वर पाहिजे ते तुला मला सांगावं लागणार नाही.”

सेवा हा शब्द तिला चालायचा नाही. “सेवा देऊळमा. आठे काम.” आठे म्हणजे इथे. दुसरं एक म्हणणं होतं, ते तर आम्ही तिच्या मागे तिची नक्कल करताना म्हणायचो, कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, “दया मंग, हात पहिले.” म्हणजे कळवळा नंतर, आधी हात दाखवा. रोज कामाला जायच्या आधी तिच्या दारात हात पुढे करून उभं राहायचं. नखं, अंगठी, बांगडीची तुटकी कड, हाताला खरूज, कापलेलं बोट, सगळं बघायची. मुंबईला विमानात बसताना बघतात म्हणे तसं.

मोबाइल आले तेव्हा तिने आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. त्याचं नाव ‘टाचा’. पडून असलेल्या माणसाला जखम व्हायची ती माकडहाडावर आणि टाचेवर, आणि टाच कोणी बघत नाही. म्हणून दर सोमवारी प्रत्येकीने आपल्या पेशंटच्या दोन्ही टाचांचा फोटो टाकायचा. एका सोमवारी मी चुकून तो फोटो माझ्या माहेरच्या लग्नाच्या ग्रुपवर टाकला. भावजयीने विचारलं, “या टाचा नवरदेवाच्या शेतस का?”

मध्ये एकदा कुठल्याशा प्रशिक्षणाच्या ऑफिसातून एक तरुण मॅडम आल्या. हातात टॅब, पाठीवर बॅग. घरी जाऊन काळजी घेणाऱ्यांसाठी दर्जा आणि सुरक्षेचा फॉर्म होता, चाळीस प्रश्नांचा. आम्हाला वाटलं, आता हिची आणि मॅडमची जुंपणार. कसलं काय. सिस्टरने चष्मा लावला, फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, तासभर तरी लागला असेल, मॅडमचा चहा निवून गेला.

“चांगला शे,” ती म्हणाली. “मन लावून करेल शे. पण यामा सगळा पेशंटच शे. बाई कोठे शे?”

“कोणती बाई?”

“जी जाते ती. तिच्या वाटणीचा प्रश्न कुठे? त्या घरात संडासला आतून कडी आहे का? दुपारी घरात कोण कोण असतं? तिला पाणी कुठल्या ग्लासात देतात?”

मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही जमिनीकडे. कारण तो ग्लास आम्हाला माहीत होता. सुनिता ज्या घरी जायची तिथे तिचा ग्लास वेगळा, खिडकीत उपडा घातलेला असायचा. सुनिता कधी काही बोलली नव्हती. सिस्टर एकदा अशीच टाचा बघायला म्हणून गेली, खिडकीतला तोच ग्लास उचलला, पाणी मागितलं, प्याली, परत मागितलं, परत प्याली. घरची बाई म्हणाली, “अहो सिस्टर, तो नको, दुसरा देते.” तर म्हणाली, “मले हाऊच द्या. मी तिनी मास्तरीण शे.” पुढच्या आठवड्यापासून खिडकीत ग्लास दिसला नाही.

मॅडमनी टॅब बाजूला ठेवून पेनाने हे तीन प्रश्न कागदावर लिहून नेले. पुढे ते फॉर्मात आले की नाही, मला माहीत नाही. आमच्याकडे मात्र होतेच.

आता सिस्टर नवापूरला भाचीकडे असते. गुडघे गेले. तिच्याकरता भाचीने एक बाई ठेवली आहे. ती बाई मला फोन करून विचारते, “आक्का, या रोज मला परीक्षेला बसवतात, काय करू?” मी म्हणते, पास हो.

हे सगळं हसण्यासारखं आहे आणि आम्ही हसायचोही. पण मला जे सांगायचं आहे ते माझ्या चुकीचं आहे. ती चूक झाली तेव्हा सिस्टर मला कळली, त्याआधी मी नुसती तिची नक्कल करत होते.

मी आबांकडे जायची. आबा शेतकरी माणूस, तापीकाठची केळी-ऊस करून मुलाला शिकवलेलं. बायको गेली, मग नंदुरबारला मुलाकडे आले, आणि वर्षभरात उजव्या अंगाला लकवा मारला. वाचा बंद. डावा हात तेवढा चालायचा. मुलगा साखर कारखान्यात, सून शाळेत शिक्षिका, म्हणून सकाळी आठ ते दुपारी दोन मी. सून दोनला आली की मी सुटायची.

आणि सुटले की थेट पथारीवर. नंदुरबारच्या लोकांना पथारी सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. हिवाळ्यात गावाबाहेर मोकळ्या मैदानावर ओली लाल मिरची वाळत घालतात, मैलभर सतरंजी अंथरल्यासारखी, ती पथारी. आम्ही बाया ओळीने बसून देठ खुडायचो. तीस वर्षांची सवय. हिवाळ्यात पथारीवर न जाणं म्हणजे घरच्या लग्नाला न जाणं. सगळ्या मैत्रिणी तिथे, गाणी तिथे, कोणाच्या सुनेला कितवा महिना ते तिथेच कळायचं. दिवस मावळेपर्यंत खुडायचं, घरी येऊन साबणाने दोनदा हात धुवायचे, झालं. आमच्या हातांना जळजळ कळायचीच बंद झाली होती. मिरची त्या हातातच मुरलेली.

सिस्टर रोज हात बघायची. नखं बघायची. पथारीवर जातेस का, हे तिने कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. लपवलं असं नाही, सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

त्या हिवाळ्यात पथारी नुकतीच लागली होती. एका सकाळी मी आबांचं तोंड पुसलं, डोळ्यांच्या कडा बोटाने साफ केल्या, आणि आबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घळाघळा. मला भरून आलं. समोर त्यांच्या बायकोचा फोटो होता. सून शाळेत निघाली होती, ती दारातच थांबली. “आईंची आठवण येतेय त्यांना. आज आईंचा उपवासाचा वार ना.”

मी आबांच्या जवळ बसले. डोळे पुसले. पाणी आणखी आलं. मी आणखी पुसले. आबा डाव्या हाताने माझा हात बाजूला करायला लागले, तेव्हा मी त्यांचा हात हातात धरून ठेवला आणि म्हटलं, “रडा आबा, रडल्याने बरं वाटतं.”

हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

तीन सकाळी असंच. आमची एक वही असायची, प्रत्येक पेशंटच्या घरी ठेवलेली, दिवसभरात काय झालं ते लिहायची. त्यात मी चांगल्या अक्षरात लिहिलं, आबा आज खूप रडले, त्यांना पत्नीची आठवण आली. दुसऱ्या दिवशी, आज पण रडले. तिसऱ्या दिवशी, आज फार रडले, मी धीर दिला.

चौथ्या सकाळी सिस्टर आली. वही वाचली. मला वाटलं, लिहिलंय छान म्हणेल.

“आठवण आली हे त्यांनी सांगितलं?”

“त्यांना कुठे बोलता येतं?”

“मग तुला कोणी सांगितलं?”

“सुनबाई म्हणाल्या. आणि दिसतंच ना, सिस्टर.”

“काय दिसलं?”

“रडले.”

“रडले ते नाही विचारलं. डोळ्याला काय दिसलं?”

मी गोंधळले. “डोळ्यांतून पाणी आलं.”

“किती वाजता?”

“आठ. म्हणजे तोंड पुसल्यावर.”

“तिन्ही दिवस तोंड पुसल्यावर?”

मी हो म्हटलं. सिस्टरने आबांच्या पापण्या उचलून पाहिल्या. लालभडक. मग तिने माझा उजवा हात धरला, माझं पहिलं बोट सरळ केलं आणि स्वतःच्या डोळ्याच्या कडेला लावलं. चांगलं दाबून.

ती खुर्चीत बसली. तिचा डोळा मिटला, नाक वाहायला लागलं, गालावरून पाणी हनुवटीवर. ती जागची हलली नाही. मी उभी. आबा तिच्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने एक डोळा उघडून तिने मला विचारलं, “दख. मी रडी ऱ्हायनू का?”

मी मान हलवली.

“मंग आबा बी नही रडनात.” मग एकदम शुद्ध मराठीत, शाळेत सांगतात तसं, “रडले असं लिहायचं नाही. पाणी आलं असं लिहायचं. का आलं ते शोधायचं. तू रडले लिहिलंस आणि शोधायचं थांबवलंस.”

आबांचे डोळे तिने स्वच्छ पाण्याने किती तरी वेळ धुतले, स्वतःचा नंतर. डॉक्टरांना फोन केला, ते आले, थेंब दिले, इजा काही राहणार नाही म्हणाले. मी कोपऱ्यात. डॉक्टर गेले तेव्हा मी तिचा पदर धरला. खोटं कशाला सांगू, पाया पडले. म्हटलं, सिस्टर, बरं झालं ना सगळं, आता घरच्यांना नका सांगू. डोळे आले होते म्हणून सांगू. माझं हे काम जाईल.

आणि मला ते काम जायला नको होतं. पथारीवर मी पोत्यांमागे मोजली जाणारी बाई. इथे आबांच्या घरी मी आक्का होते, माझी वही होती, डॉक्टर मला विचारायचे, आज कसं आहे. साठीला आल्यावर पहिल्यांदा कोणी मला काही विचारत होतं.

सिस्टरने पदर सोडवून घेतला. “आबाले मालूम शे,” ती म्हणाली. “त्यासले सांगता येत नही. म्हनीसन आपन सांगानं.”

आबांना ठाऊकच आहे, ते बोलू शकत नाहीत म्हणून आपण बोलायचं.

दोनला सून आली, मुलालाही बोलावून घेतलं. सिस्टर म्हणाली, तू सांग, मी शेजारी उभी आहे. मी सांगितलं. पथारीवर जाते, हाताला मिरची होती, त्याच हाताने डोळे पुसले, तीन दिवस आग झाली, आणि मी रडतात असं समजले.

मुलगा आबांच्या जवळ गेला. त्यांचे डोळे बघितले. मग वळून सिस्टरला म्हणाला, “तुम्हना नाववर बाई ठेवी व्हती आम्ही.”

“हो.”

“तुम्ही रोज हात दखतस ना यासना?”

“दखस. पन पथारीवर जास का, ते इचारानं राही गयं. मी नंदुरबारमा ऱ्हाईसन मिरची इसरनू. चूक दोन्हीसनी शे.”

मी लिहायची त्या वहीकडे बघत तो म्हणाला, “उद्यापासून येऊ नका.” आम्ही निघालो. आबा खिडकीकडे तोंड करून होते. मी त्यांना येते म्हणून सांगायचंही धाडस केलं नाही.

गाव केवढं? चार दिवसांत आणखी दोन घरांनी बाया बंद केल्या. सिस्टरच्या खोलीत आम्ही सगळ्या बसलो होतो आणि सुनिताने सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. “सिस्टर, डोळे बरे झाले होते ना? कशाला सांगितलं? आता आमचं पण गेलं.”

सिस्टर म्हणाली, “उद्या तुझ्या हातून काही झालं आणि मी झाकलं, तर परवा तू माझ्यापासून झाकशील. मग मला कळणार कसं?”

दोघी उठून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. सुनिता बसून राहिली. तोंड फुगवून, पण बसून.

मला वाटलं, मलाही जा म्हणेल. तिने मला शिकवायला बसवलं. दर सोमवारी नवीन आलेल्या बायांसमोर उभं राहून आपली चूक पहिल्यापासून सांगायची, काही न गाळता. माझी चूक तिने अभ्यासक्रमाला लावली. पहिल्या सोमवारी माझ्या तोंडातून शब्द फुटेना. दुसऱ्या सोमवारी मी ‘रडा आबा, रडल्याने बरं वाटतं’ हे वाक्य गाळलं, तर मागून सिस्टर म्हणाली, “एक ऱ्हायनं.” ते सांगितलं. सांगता सांगता मला कळलं की बायांच्या माना माझ्यावर हसायला वळलेल्या नाहीत, त्या आपापल्या हातांकडे बघतायत. कोणी मिरची खुडणारी, कोणी कोंबड्यांच्या शेडवर जाणारी, कोणी तंबाखू मळणारी. एकीने पदराआड हात घातला.

त्यावरून आमचा नवा नियम निघाला. मोसम असो नसो, आदल्या दिवशी हाताने काय काय केलं ते दारात सांगायचं. मिरचीला हात लागलेला असेल तर आधी गोडं तेल नखांत चोळायचं, मग बेसन, मग साबण, कारण मिरची पाण्याला जुमानत नाही, तेलाला जुमानते. आणि मग आपलं बोट आपल्या डोळ्याच्या कडेला लावून शंभर आकडे. हातमोजे आमच्याकडे होते, पण ते घाण काढायला. मोजा घालून माणसाचं तोंड पुसलं की त्याला वाटतं आपणच घाण आहोत, असं सिस्टर म्हणायची. एका नवीन बाईने कुरकुर केली, डोळ्याला बोट कशाला, भीती वाटते. सिस्टर म्हणाली, ज्या बाईला आपल्या डोळ्याची भीती वाटते तिने दुसऱ्याच्या डोळ्याला हात लावू नये.

मी पथारी सोडली का? सोडली. सिस्टरने सोडायला सांगितलं नव्हतं. मैत्रिणी म्हणाल्या, काम तर गेलं तुझं, मग ये ना खुडायला. मला जाववलं नाही. माझ्या हातांना जळजळ कळत नाही याचा मला तोवर अभिमान होता, तो मोडला. पुढे पेशंट मिळेल की नाही ठाऊक नव्हतं, तरी मी हात राखून बसले होते. होळी आली. मिरचीचा मोसम उतरला.

आणि एका रविवारी आबांची सून सिस्टरच्या दारात आली. रिक्षा थांबवून ठेवलेली. बसली नाही.

“आमच्या मामांच्या दंडावर निळं पडलंय,” ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. “तुमच्यानंतर दोन बाया ठेवल्या. दुसरीला तीन दिवस विचारतेय, कशाने पडलं. म्हणते मला नाही माहीत. पडले का? नाही पडले. कॉट लागली का? नाही लागली. मग निळं कसं पडलं? आपोआप?” ती जरा थांबली. “तुमच्या बाईने निदान सांगितलं तरी होतं.”

सिस्टर म्हणाली, “मीच सांगायला लावलं होतं.”

“तेच म्हणतेय. आक्कांना पाठवता का?”

माझा जीव कानात आला. सिस्टर चष्मा पुसत राहिली. “तुमचे साहेब काय म्हणतात?”

“त्यांनीच पाठवलं. स्वतः यायला लाजले.”

“मी नाही पाठवणार,” सिस्टर म्हणाली.

सुनेचा चेहरा उतरला. माझाही.

“मी पाठवणारी कोण? तुम्ही तरी कोण? आग आबाले व्हयनी. आबाले इचारा.”

त्याच रिक्षाने आम्ही तिघी गेलो. मुलगा दारात उभा होता, त्याने मला बघून मान हलवली आणि वाट दिली. आबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. वाळले होते. सिस्टर त्यांच्या डाव्या बाजूला, त्यांना दिसेल अशी बसली.

“आबा, हाई तीच बाई शे. मिरचीवाली. तुम्हना डोयास्नी आग इनीच करी व्हती. ठेवू का जाऊ देऊ?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरून मला काही कळलं नाही, आणि या वेळी मी कळून घेण्याची घाईही केली नाही. मी न्हाणीघरात गेले. मिरचीला हात लावून मला महिने झाले होते, तरी तेल चोळलं, बेसन लावलं, साबण लावला. सुनेने गरम पाण्याचं भांडं आणि मऊ फडकं आणून ठेवलं होतं. मी आबांच्या समोर उभी राहिले आणि दोन्ही हातांची बोटं माझ्या दोन्ही डोळ्यांच्या कडांना लावली, त्यांना दिसेल असं. शंभर मोजले. मोठ्याने मोजले. पन्नासच्या पुढे मुलगाही पुटपुटत मोजत होता.

माझे डोळे कोरडे होते. मी हात खाली घेतले, पण पुढे केले नाहीत. पुढे करणं माझं नव्हतं.

आबांनी डावा हात उचलला. माझं मनगट धरलं, हात आपल्याकडे ओढला, नाकाशी नेला आणि वास घेतला. शेतकरी माणूस, हातात आलेलं बी हुंगून बघावं तसा, सावकाश, एकेक बोट. मग हात सोडला.

आणि डोळे मिटून तोंड वर केलं.

मी तशीच उभी राहिले. मागे कोणी तरी नाक ओढलं, मुलगा की सून, मी वळून पाहिलं नाही. सिस्टर खिडकीबाहेर बघत होती, आमच्याकडे पाठ करून.

“दखस काय, आक्का,” ती म्हणाली. “पाणी निवी ऱ्हायनं.”